युक्रेनसाठी जागलो, सुदानसाठी नाही

(सोसायटी ग्रुप, गोडोली, सातारा. रविवार सकाळ.)

सुभेदार काका (ए-१०२): काल रात्री ग्रुपवर अल फाशरची माहिती टाकली होती. सुदानमधलं शहर. ५०० हून जास्त दिवस वेढा होता, ऑक्टोबर २०२५ मध्ये पडलं. तिथल्या प्रसूती रुग्णालयात ४६० हून जास्त रुग्ण आणि त्यांच्या सोबतची माणसं मारली गेली, असं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं. मेसेज अठ्ठावीस जणांनी वाचलेला दिसतोय, बोललं कुणीच नाही. त्याच्याच खाली क्षेपणास्त्रांचा व्हिडिओ आला, त्यावर रात्री साडेअकरापर्यंत चर्चा चालली. मी रागावलेलो नाही. पण असं का होतं, हे एकदा सगळ्यांनी मनापासून सांगा.

मिलिंद (सेक्रेटरी): काका, मी वाचलं होतं. खरं सांगतो, काय लिहावं ते सुचलं नाही. तिथे कोण कुणाशी लढतंय हेच मला माहीत नव्हतं.

नेहा (सी-३०३): मिलिंददादा, दोन सेनापती आहेत. लष्कराचे बुऱ्हान आणि आरएसएफ या निमलष्करी दलाचा दगालो, ज्याला सगळे हेमेदती म्हणतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये दोघांनी मिळूनच नागरी सरकार पाडलं आणि १५ एप्रिल २०२३ ला एकमेकांवर उलटले. एक कोटीच्या वर माणसं घरदार सोडून गेलीत. दादा, तुम्ही म्हणालात ना की कोण कुणाशी लढतंय ते कळलं नाही, माझ्या मते कारण तेच आहे. युक्रेनचं एका वाक्यात सांगता येतं, मोठ्या देशाने शेजाऱ्यावर चाल केली. गाझाबद्दल लोकांची मतं आधीपासूनच पक्की आहेत. सुदानमध्ये यातल्या कुठल्या सेनापतीची बाजू घ्यायची? बाजू घेता आली नाही की माणूस पुढचं वाचतच नाही.

गुरव सर (सी-३०१): नेहा, तिथे तिसरी बाजूही आहे. डिसेंबर २०१८ मध्ये पावाची किंमत वाढली म्हणून लोक रस्त्यावर आले आणि एप्रिल २०१९ मध्ये हुकूमशहा बशीरची तीस वर्षांची राजवट गेली. पांढऱ्या वेशातली एक मुलगी गाडीच्या टपावर उभी राहून घोषणा देतेय, तो फोटो तेव्हा जगभर फिरला होता. त्याच चळवळीतली पोरं आज वस्त्यावस्त्यांत लोकांसाठी स्वयंपाकघरं चालवतात. त्यांच्या हातात बंदूक नाही, म्हणून युद्धाच्या बातमीत त्यांना जागा नाही.

शुभांगी वहिनी (बी-२०४): मी बोलू का? काल मीही वाचून पुढे गेले, म्हणून बोलते.

२०२२ चा फेब्रुवारी आठवतोय ना सगळ्यांना? ओंकार खारकीवला मेडिकलला होता. २४ तारखेला पहाटे त्याचा फोन आला, आई, बाहेर धमाके होतायत. पुढचे दिवस पोरं मेट्रोच्या भुयारात होती. तुम्ही सगळे आमच्या हॉलमध्ये बसून असायचात. काकू रोज पिठलं-भाकरी आणायच्या, मी नको म्हटलं की स्वतः घास भरवायच्या. मिलिंदने युक्रेनचा मोठा नकाशा छापून आणून भिंतीवर ठोकला. बिल्डिंगमधल्या दुसरी-तिसरीतल्या पोरांना ल्विव्ह कुठे, पोलंड कुठे ते पाठ झालं होतं. २ मार्चला दूतावासाचा निरोप आला की खारकीव सोडा, संध्याकाळी सहाच्या आत पिसोचिनला पोचा, वाहन नसेल तर चालत जा. ती रात्र सगळ्या सोसायटीने माझ्यासोबत जागून काढली. कुणाच्याच घरातला दिवा बंद नव्हता.

ओंकार आला. त्याला पोवई नाक्यावरून घरापर्यंत आणलंत ते मी जन्मभर विसरणार नाही. आणि दुसऱ्या दिवशी मी तो नकाशा काढून कपाटात ठेवला. युद्ध तर चालूच होतं. युक्रेनचंच मारियुपोल शहर त्यानंतर मे महिन्यात पडलं, तिथेही कुणाची तरी पोरं तळघरात होती. मी टीव्हीसुद्धा लावला नाही. आपण युक्रेन बघतच नव्हतो हो, ओंकार कुठवर पोचला तेवढंच बघत होतो. काल काकांचा मेसेज वाचल्यावर हे मनाला लागलं, म्हणून झोप आली नाही.

सुभेदार काका (ए-१०२): वहिनी, आईने आपलं पोर बघायचं नाही तर काय बघायचं. त्यात दोष नाही.

नेहा (सी-३०३): सुदानचंही असंच झालं, शुभांगी काकू. एप्रिल २०२३ मध्ये ऑपरेशन कावेरी झालं. आपले ३,८०० हून जास्त लोक पोर्ट सुदानहून जेद्दामार्गे घरी आणले. त्यात कर्नाटकातले हक्कीपिक्की समाजाचे लोक होते, जडीबुटी विकायला गेलेले. ते दहा-बारा दिवस मराठी वाहिन्यांवर खार्टूम, खार्टूम चाललं होतं. शेवटचं विमान उतरलं आणि बातमी संपली.

संजयदादा (बी-१०३): मी सरळ बोलतो, वाईट वाटून घेऊ नका. खिशाला लागलं की युद्ध कळतं. युक्रेनमुळे सूर्यफूल तेल कडाडलं तेव्हा घराघरांत युक्रेन पोचला. येमेनचं तर मला चांगलं आठवतंय. तासगावला मेव्हण्यांची द्राक्षबाग आहे. २०२४ च्या हंगामात येमेनमधल्या हुथी बंडखोरांचे तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले चालू होते. युरोपला जाणारी जहाजं सगळ्या आफ्रिकेला वळसा घालून निघाली. भाडं वाढलं, दिवस वाढले, आणि द्राक्ष काही वाट बघत नाही. तेव्हा मी पहिल्यांदा येमेन नकाशात शोधला.

गुरव सर (सी-३०१): संजय, तू शोधलास तेव्हा तिथल्या युद्धाला नऊ वर्षं होत आली होती. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा अंदाज होता की २०२१ अखेरपर्यंत ३ लाख ७७ हजार माणसं गेली. निम्म्याहून जास्त भूक, रोगराई आणि औषध न मिळाल्यामुळे. त्यात बहुतेक लहान मुलं. ती नऊ वर्षं आपल्याला दिसली नाहीत, जहाजं दिसली.

संजयदादा (बी-१०३): बरोबर आहे सर. नाही दिसली.

नेहा (सी-३०३): यात कॅमेऱ्याचाही भाग आहे. इथिओपियात तिग्रे प्रांतात नोव्हेंबर २०२० पासून दोन वर्षं युद्ध चाललं. सरकारने फोन, इंटरनेट, बँका सगळं बंद केलं होतं. काही अभ्यासकांचे अंदाज काही लाख मृत्यूंचे आहेत. तुमच्यापैकी किती जणांना तिग्रे हे नाव ठाऊक होतं? चित्रच बाहेर आलं नाही.

गुरव सर (सी-३०१): पण कॅमेऱ्याने सगळं उलगडत नाही. गाझात इस्रायलने परदेशी पत्रकारांना स्वतंत्रपणे जाऊच दिलं नाही. तरी जगाने पाहिलं, कारण तिथल्याच पत्रकारांनी जीव देऊन दाखवलं. उलट अल फाशरमध्ये मारणाऱ्यांनी स्वतःच व्हिडिओ काढून टाकले. चित्र होतं, बघणारे नव्हते.

मला अजून एक दिसतं. परदेशाच्या बातम्या आपल्याकडे लंडन-न्यूयॉर्कच्या वृत्तसंस्थांकडून येतात. त्यांना जे जवळचं, ते आपल्यालाही जवळचं वाटायला लागतं. २०२२ मध्ये एका अमेरिकन वाहिनीचा वार्ताहर कीवमधून बोलून गेला की हे इराक-अफगाणिस्तानसारखं नाही, हे त्या मानाने सुसंस्कृत शहर आहे. नंतर त्याने माफी मागितली. पण ती मोजपट्टी आपण न मागता उचलली आहे. म्यानमार बघा. मिझोराम-मणिपूरला लागून सीमा आहे. फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर तिथून जीव वाचवून आलेल्या हजारो माणसांना मिझोरामच्या लोकांनी आपल्या गावांत आसरा दिला. भारताच्या दारात चाललेलं युद्ध, आणि आपल्या ग्रुपवर त्याचा एक मेसेज मला सापडत नाही. मी आत्ता शोधून बघितलं.

मिलिंद (सेक्रेटरी): मध्येच सांगतो, माफ करा. सी विंगचं पाणी आज संध्याकाळी ६ ऐवजी ७ ला सोडतील. चालू द्या.

सर, सगळ्या जगाचं दुःख एका माणसाला पेलत नाही, असंही मला वाटतं. दिवसभर काम करून रात्री फोन हातात घेतला की किती ठिकाणी रडायचं?

सुभेदार काका (ए-१०२): मिलिंद, सगळीकडे नको रडूस. तुझं खरं आहे. पण सुदान आपल्याला लांबचा नाही, एवढंच मला कालपासून सांगायचं होतं. टायपिंग हळू आहे, थांबा.

आमचे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ च्या जानेवारीत आपल्या फौजा सुदानमधल्या कसालाकडून इटलीच्या ताब्यातल्या इरिट्रियात शिरल्या. पुढे केरेन हे गाव. दोन्ही बाजूंना उभे डोंगर, मधून एकच रस्ता, वर इटालियन. फेब्रुवारी-मार्च असे जवळजवळ आठ आठवडे ती लढाई चालली. वडील सांगायचे, अजिंक्यतारा दुप्पट कर, झाडं सगळी काढून टाक आणि पाणी पाठीवरून वर ने, म्हणजे केरेन. मार्चमध्ये पिनॅकल नावाचं शिखर रात्रीच्या हल्ल्यात घेतलं त्यात ३/५ मराठा ही पलटण होती. वडील त्यात होते. त्यांच्या शेजारचा अपशिंग्याचा जोडीदार परत आला नाही. सातारा जिल्ह्यातल्या किती घरांत केरेनचं नाव अजून निघतं ते जुन्या माणसांना विचारा.

त्या मोहिमेतल्या भारतीय जवानांची आठवण म्हणून सुदानने एक लाख पौंड दिले. फाळणीनंतर त्यातला भारताचा वाटा खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, म्हणजे एनडीएच्या बांधकामात गेला. एनडीएची ती घुमटाची मुख्य इमारत आहे ना, तिचं नाव सुदान ब्लॉक. १९५९ मध्ये तिचं उद्घाटन झालं. आपल्या सैनिक स्कूलची पोरं दरवर्षी तिथे जातात, पासिंग आउटला आईबाप फोटो काढतात. बी विंगमधल्या दोघांच्या घरी तो फोटो भिंतीवर आहे. मागे सुदान ब्लॉक आहे.

गुरव सर (सी-३०१): आणि सुदानची १९५३ ची पहिली निवडणूक घ्यायला आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन गेले होते. हे मी वर्गात एकदाही सांगितलं नाही, पुस्तकात नव्हतं म्हणून.

शुभांगी वहिनी (बी-२०४): काका, मी हे आजच ऐकतेय. इतकी वर्षं शेजारी राहून.

सुभेदार काका (ए-१०२): कुणी विचारलं नाही आणि मीही बोललो नाही, वहिनी. अल फाशरच्या बातमीत कसालाचं नाव आलं. घर सोडलेले हजारो लोक तिकडे तंबूंत राहतायत म्हणे. वडिलांच्या तोंडून ऐकलेलं गाव. म्हणून राहवलं नाही.

नेहा (सी-३०३): काका, आज दुपारी मी तुमच्याकडे येऊ? वडिलांचं जेवढं आठवतंय तेवढं फोनवर रेकॉर्ड करते. आणि सुदानबद्दल आठवड्यातून एक मेसेज मी ग्रुपवर टाकीन, पाचच ओळी. कुणाला वाचायचा नसेल तर हरकत नाही.

काकू (ए-१०२): ये गं. चारनंतर ये, ते दुपारी पडतात जरा. त्यांचं पदकही दाखवते.

शुभांगी वहिनी (बी-२०४): मिलिंद, युक्रेनच्या नकाशाचे खिळे हॉलमध्ये अजून तसेच आहेत. सुदानचा तेवढ्याच मापाचा छापून आणशील का? पैसे मी देते.

मिलिंद (सेक्रेटरी): आणतो वहिनी. राजवाड्याजवळचं दुकान उद्या उघडेल.

सुभेदार काका (ए-१०२): पूर्वेकडे थोडा जास्त घे रे. कसालाच्या पुढे केरेनही त्यात आलं पाहिजे.