रांग बापाची, नाव कटतं पोरीचं

नौपाड्याची आत्या
माझ्या भावाची मुलगी येत्या नोव्हेंबरात २१ पूर्ण करते. २००८ साली अमेरिकेत न्यू जर्सीला गेली तेव्हा तिला चौथं लागलं होतं. एच-४ वर, म्हणजे बापाच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसाला जोडून मिळणाऱ्या व्हिसावर. बालवाडीपासून कॉलेजच्या तिसऱ्या वर्षापर्यंत सगळं तिथेच. भावाच्या ग्रीन कार्डचा, म्हणजे तिथे कायम राहायच्या परवान्याचा, आय-१४० हा अर्ज मंजूर होऊन पडलाय, रांगेतली तारीख ऑगस्ट २०१३. कुठल्या तारखेपर्यंतचा नंबर लागला ते व्हिसा बुलेटिन नावाचं पत्रक दर महिन्याला सांगतं. यंदा, २०२५ च्या ऑक्टोबर बुलेटिनमध्ये त्याच्या गटाची, ईबी-२ भारताची, गाडी एप्रिल २०१३ वर आली. चारच महिने राहिले असं वाटतं ना? ते चार महिने सरकायला किती लागेल, कुणी छातीठोक सांगत नाही. आणि २१ झाले की ती कायद्याने 'मूल' उरत नाही, बापाच्या अर्जातून गळते.

तिचा धाकटा भाऊ तिथे जन्मला, तो त्यांचा नागरिक. २०१९ ला गणपतीत आले होते तेव्हा दोघांचे पासपोर्ट माझ्या कपाटात एकाच डब्यात होते, एक अमेरिकेचा, एक आपला. तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं.

माझं मत सरळ आहे. मूल कायदेशीर वाटेने नेलं आणि दहा वर्षं तिथे वाढलं, तर त्याला कायम राहायचा हक्क त्याच्या स्वतःच्या हिशेबाने मिळावा. बापाचा नंबर लागो न लागो.

खारघर_सेक्टर१२
ताई, राग मानू नका, पण पटलं नाही. मी स्वतः ११ वर्षं काढून २०१६ ला परत आलो. मुलगी पाचवीत होती, रडली, वर्षभर बोलली नाही नीट. पण मुद्दाम तेव्हाच आलो, कारण हे एकविसाचं गणित तिथल्या प्रत्येक देशी घरात तोंडपाठ असतं. नोकरीवाल्यांना वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं, त्यातच बायका-मुलं मोजायची, आणि एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा. १,४०,००० चा आकडा १९९० च्या कायद्यातला आहे. २०१३ ला अर्ज भरताना हे माहीत नव्हतं? तात्पुरता व्हिसा घेऊन गेलात, टेस्ला घेतली, बेसमेंटवालं घर घेतलं आणि आता अन्याय. निर्णय बापाचा होता.

नौपाड्याची आत्या
टेस्ला नाही हो, २०११ ची कॅमरी आहे. आणि बापाचा होता हेच तर मी म्हणतेय. पोरीचा नव्हता.

नेरूळ गाववाला
रांगेचं आम्हाला नका शिकवू कुणी. नवी मुंबई उभी राहिली ती आमच्या भातखाचरांवर. १९८४ ला जासई-नवघरला आमच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच माणसं गेली. घेतलेल्या जमिनीच्या बदल्यातले साडेबारा टक्के भूखंड काय कुणी ताटात वाढून दिले नाहीत. आमची फाईल आजोबांच्या नावाची. आजोबा गेले, बाबा गेले, चुलत्यांशी भांडणंही झाली. पण त्या फाईलीत बाप मेला तर पोराचं नाव वारस म्हणून लागतं. नंबर जात नाही. इथे बाप जिवंत, अर्ज जिवंत, आणि पोरगी मोठी झाली म्हणून नाव कट? मोठं होणं हा काय गुन्हा आहे का?

खारघर_सेक्टर१२
दादा, जमीन तुमची होती म्हणून वारस लागतो. तिथली जमीन आपली कधी होती? पाहुणे म्हणून गेलो होतो.

नेरूळ गाववाला
सतरा वर्षं कर घेतात पाहुण्याकडून?

वाशी_ते_शारजा
कर नाही घेतला तरी पाहुणेच, आम्हाला विचारा. यूएईत साध्या नोकरीच्या व्हिसावर तीस वर्षं काढा, नोकरी संपली की सामान बांधा. मुलगा पूर्वी अठराचा झाला की बापाच्या स्पॉन्सरवर ठेवायची मारामार, २०२२ पासून २५ पर्यंत चालतं. मुलीला लग्न होईपर्यंत ठेवता येतं. आम्ही कुणी रडलो नाही, कारण आशाच दाखवली नव्हती. अमेरिकेचं वाईट हे की रांगेत उभं करते, टोकन देते आणि खिडकी उघडत नाही.

कलम_आणि_कागद
थोडं कायद्याचं. २००२ पासून मुलांचं वय मोजताना सूट आहे. नंबर लागतो त्या दिवशीच्या वयातून आय-१४० जितके दिवस लटकला होता ते दिवस वजा करतात. आत्याबाई, भावाने तो प्रीमियम फी, म्हणजे लवकर निकालाची जादा फी, भरून केला होता का?

नौपाड्याची आत्या
हो. पंधरा दिवसांत मंजूर झाला म्हणून पेढ्यांचा फोटो पाठवला होता.

कलम_आणि_कागद
तिथेच मेख आहे. मग वजा होणार ते पंधराच दिवस. साध्या फीत आठ महिने रखडला असता तर पोरीला आठ महिने मिळाले असते. शिवाय १५ ऑगस्ट २०२५ पासूनच्या अर्जांना वय धरताना बुलेटिनमधल्या दोन तक्त्यांपैकी 'अंतिम कारवाई'चाच, म्हणजे ग्रीन कार्ड प्रत्यक्ष मिळण्याचा, तक्ता लागतो. त्याआधी, २०२३ पासून, तारखेने पुढे असलेला 'अर्ज भरण्या'चा तक्ताही चालायचा. आणखी एक गंमत. विनाकागद आलेल्या मुलांसाठी २०१२ ला 'डाका' (DACA) नावाचं हद्दपारीपासून संरक्षण आलं. यांच्याकडे कागद होते, म्हणून ही मुलं त्यात बसत नाहीत. दहा वर्षं कायदेशीर राहिलेल्यांसाठी विधेयकं २०२१ आणि २०२३ ला आली, दोन्ही पक्षांचे लोक मागे होते. एकही पास झालं नाही.

घोडबंदर_ट्रॅफिक
मला एकच कळत नाही. ठाण्यात परप्रांतीयाचं पोर पंधरा वर्षं राहून डोमिसाईल काढतं तेव्हा 'आमच्या जागा गेल्या' म्हणून बोंब मारणारे आपणच ना? न्यू जर्सीत मात्र राहिलं म्हणजे हक्क.

नौपाड्याची आत्या
मी कधी बोंब मारली नाही. पण टोला बरोबर बसला, घरातले काही आठवले.

ऐरोली_नाइट_शिफ्ट
मी तीच मुलगी आहे. म्हणजे तुमची भाची नाही, पण तीच. पाचव्या वर्षी गेले, २१ ला एच-४ संपला. एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घेतला, परदेशी विद्यार्थ्याची फी लागली, ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतरची तात्पुरती नोकरी, केली, एच-१बी च्या लॉटरीत तीनदा नाव नाही आलं. दोन वर्षांपूर्वी ऐरोलीला आले. सगळे विचारतात, परत येऊन कसं वाटतंय. लोकलचं मराठी इंडिकेटर मी अजून अक्षर-अक्षर जोडून वाचते, तोवर गाडी निघते. आणि खारघरच्या काकांचं मला पटतं, हे ऐकून आत्या चिडतील. माझ्या बाबांनी मी पाचवीत असताना आणायला हवं होतं. दहावी-बारावी इथे झाली असती तर मेडिकलला राज्याच्या कोट्यातून तरी उभी राहिले असते. आता तिथे परदेशी आणि इथे परराज्यातली. पण कायदाही चूकच आहे. दोन्ही चूक असू शकतात.

खारघर_सेक्टर१२
बाळा, माझी मुलगी आता कॉलेजात आहे. तिला वाचून दाखवला तुझा निरोप. ती म्हणते, मला निदान निवडायला तरी मिळायला हवं होतं. आता बोला.

नौपाड्याची आत्या
मी नाही चिडले गं. भाचीचा एफ-१ साठीचा अर्ज मागच्या आठवड्यात गेला. त्यात दाखवावं लागतं, शिक्षण झाल्यावर मायदेशी परतणार म्हणून. तिने रात्री फोन करून मला विचारलं, आत्या, मायदेशाचा पत्ता म्हणून तुझा टाकू का?