सेफ्ट्रियाक्झोन परत सुरू करायचं का?

साखळीची_वहिनी: नवरा अमेरिकेत कनेक्टिकटला कामाला होता तिथे गोचीड चावून लाइम हा जिवाणूंचा आजार झाला, तेव्हा २८ दिवस सेफ्ट्रियाक्झोन हे अँटिबायोटिक शिरेतून दिलं आणि बरं वाटलं, आता फोंड्याला येऊन वर्ष झालं तर परत थकवा, अंगदुखी, काही आठवत नाही, हे म्हणतात परत तेच सुरू करूया. रात्री त्यांना कण्हताना ऐकलं की मलाही वाटतं लावाच एकदा. कोणाचा अनुभव?

वाळपईकर: आमच्या सत्तरीत २०१५ पासून माकडताप आहे, गोचिडीचाच, ती टेस्ट केली का?

म्हापसा_नर्स: दादा, माकडताप व्हायरसचा, त्याला अँटिबायोटिक चालतच नाही आणि तो वर्षभर रेंगाळत नाही. वहिनी, गुडघा सुजलाय का, चेहरा वाकडा झालाय का, हे आधी बघून घ्या, कारण गोळ्यांनी सूज उतरली नाही तर २ ते ४ आठवडे शिरेतून देतात, पण नुसता थकवा न् दुखणं असेल तर २००१ आणि २०१६ च्या मोठ्या चाचण्यांत लांबलचक कोर्सचा जास्त फायदा दिसला नाही. उलट पित्ताशयात खडे होतात, शिरेत घातलेल्या नळीतून इन्फेक्शन शिरतं, जुलाब तर इतके वाईट होतात की अॅडमिट करावं लागतं. त्रास खरा आहे हो त्यांचा, कोणी मनाचा खेळ म्हणालं तर ऐकू नका. थायरॉईड, बी१२, झोप तपासा.

साखळीची_वहिनी: गुडघा सुजलेला नाही. सोमवारी बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात दाखवते, कनेक्टिकटचे जुने कागद पण नेते.