मदत हवी आहे: दुसरीतल्या लेकीला अमेरिकेचं नागरिकशास्त्र मराठीत कसं समजवावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत राहतो. शाळेतून सोशल स्टडीजच्या शब्दांची यादी आली आहे: कॉलनी, टॅक्स, कॉन्स्टिट्यूशन, अमेंडमेंट, काँग्रेस, गव्हर्नर, व्होट. व्याख्या लेकीच्या तोंडपाठ आहेत, पण "म्हणजे काय गं?" विचारलं की गप्प. सध्या माझे बाबा आलेत. निवृत्त शिक्षक, उत्साह दांडगा, पण सगळं भारताच्या साच्यात बसवतात. गव्हर्नर म्हणजे राष्ट्रपतींनी नेमलेला राज्यपाल! इथला गव्हर्नर लोक निवडून देतात, त्याचं काम आपल्या मुख्यमंत्र्यासारखं. नात वैतागून म्हणते, "आबा, तुमचं सगळं वेगळंच आहे!"

इतिहास त्या मानाने जमतोय. १७७३ साली इंग्रजांच्या वसाहतीतल्या लोकांनी बोस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या पाण्यात फेकल्या, ही गोष्ट तिने तीनदा सांगायला लावली. चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता म्हटल्यावर बाबांनाही चेव आला, थेट पेशवाईपर्यंत पोचले. कर द्यायचा, पण लंडनच्या पार्लमेंटात आपला माणूस नाही, हा राग तिला लगेच कळला. १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा, झेंड्यावरचे तेरा वसाहतींचे तेरा पट्टे, ठीक.

अडतंय ते दोन ठिकाणी. एक, सरकारच्या तीन शाखा: कायदेमंडळ, राष्ट्राध्यक्ष, न्यायालय. दुसरं, गुलामगिरी. 'सगळी माणसं समान' असं जाहीरनाम्यात लिहिणाऱ्या जेफरसनकडेच गुलाम होते. सात वर्षांच्या मुलीला हे किती सांगायचं? टाळावंसं वाटत नाही. कुणी केलंय का हे?

प्रतिसाद

शाखांची नावं पाठ करून घेऊ नका, एका कायद्याचा प्रवास खेळा. 'रविवारी गृहपाठ बंद' असं विधेयक लेकीला लिहू दे. ते ४३५ जणांच्या प्रतिनिधिगृहात आणि १०० जणांच्या सिनेटमध्ये, दोन्हीकडे मंजूर व्हायला हवं. आबांना राष्ट्राध्यक्ष करा, सही करायची की व्हेटो (नकाराधिकार) वापरायचा ते त्यांनी ठरवावं. व्हेटो वापरलाच, तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं मिळवून तो मोडता येतो. वाद राज्यघटनेवर गेला की सर्वोच्च न्यायालयाचे नऊ न्यायाधीश. आणि आबांना आधीच बजावा, इथे पंतप्रधान नाही आणि राष्ट्राध्यक्षांचे मंत्री काँग्रेसचे (म्हणजे या दोन सभागृहांचे) सदस्य नसतात. माझ्या सासऱ्यांचं सगळं अडलं होतं ते इथेच.

प्रतिसाद

ताई, गुलामगिरी टाळू नकाच, पण सुरुवात जेफरसनपासून नको. हॅरिएट टबमनपासून करा. मेरीलँडमध्ये गुलामीत जन्मलेली ही बाई १८४९ मध्ये पळून फिलाडेल्फियाला आली आणि पुन्हापुन्हा मागे जाऊन इतरांना सोडवून आणलं. मुलांना शूर माणूस आधी लागतो, जेफरसनचा विरोधाभास त्यानंतर पचतो. तिथून १८६५ ची तेरावी घटनादुरुस्ती सांगा, गुलामगिरी बंद करणारी. मग १९२० ची एकोणिसावी, बायकांच्या मताधिकाराची. अमेंडमेंट कशासाठी असते ते आपोआप उलगडतं. शिवाय तुम्हाला फिलाडेल्फिया जवळ आहे. जाहीरनामा आणि १७८७ ची राज्यघटना, दोन्ही तिथल्या इंडिपेंडन्स हॉलमध्येच मंजूर झाले. एक शनिवार काढा.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. विधेयक लिहून झालंय, आबांनी व्हेटोची धमकी दिली आहे. आता ती विचारतेय की राष्ट्राध्यक्ष निवडतात कसे. इलेक्टोरल कॉलेज, म्हणजे राज्याराज्यांतले निवडलेले प्रतिनिधी राष्ट्राध्यक्ष निवडतात ते, सांगून टाकू का?

प्रतिसाद

नको हो! ५३८ मतांपैकी २७० चं गणित पाचवीत बघू. आत्ता 'लोक मत देतात' एवढं पुरे.