ओट्यावरचे पॉइंट
घराचं वायरिंग करताना 'स्वयंपाकाच्या ओट्यावर दोन पॉइंट (सॉकेट) पुरेत' असं कुणीतरी म्हटलंय, ते काही पटलं नाही. मिक्सर, इंडक्शन, मायक्रोवेव्ह, प्युरिफायर... तिथेच चार झाले. २००० वॅटच्या इंडक्शनला १६ अँपिअरचाच सॉकेट हवा आणि वायर २.५ चौरस मिमीपेक्षा बारीक नको. एसी, गीझरला ४ चौरस मिमी वायरची स्वतंत्र लाइन. वायरमन 'चालतंय हो साहेब' म्हणेल, बधू नका. डीबीत (घरातल्या मुख्य वीज-बोर्डात) ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, हवीच. फ्रिजचं बटण फ्रिजमागे दडू देऊ नका. दाराशी आणि पलंगाशी टू-वे स्विच, म्हणजे एकच दिवा दोन्हीकडून चालू-बंद करता येतो. इन्व्हर्टर आज घ्यायचा नसला तरी वायरिंग आत्ताच उरकून टाका. प्लास्टरआधी भिंतीला मोजायची टेप लावून वायरिंगच्या पाइपांचे फोटो काढा. पुढे पडद्याच्या रॉडसाठी ड्रिल मारताना कामी येतील.