मदत हवी आहे : झेड-८० चा घरगुती संगणक रीसेटनंतर कधी चालतो, कधी अडतो

खाडीकाठ : नमस्कार. देवगडला घरीच ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता वायरी खोचायच्या फळीवर) झेड-८० या प्रोसेसरचा छोटा संगणक उभा करत आहे. मेमरीच्या पत्त्यांपैकी खालचे ३२ केबी २८सी२५६ या प्रोग्राम साठवायच्या चिपला आणि वरचे ३२ केबी ६२२५६ या रॅमला दिले आहेत. रीसेटचे बटण पाच वेळा दाबले तर एलईडीचा साधा प्रोग्राम एखाद-दोन वेळाच चालतो, आणि चालत असला तरी वायरींजवळ हात नेताच बंद पडतो. प्रोग्राम तीनदा तपासला आहे. रविवारी मुलांना दाखवायचा आहे, तेव्हा कृपया नेमका उपाय सांगावा.

सुरुबन : क्लॉक (प्रोसेसरला ताल देणारा सिग्नल) कशातून घेतला आहे आणि न वापरलेल्या पिना कुठे जोडल्या आहेत, हे आपण लिहिलेले नाही. त्याशिवाय काय सांगणार?

कातळसडा : पदविकेला असताना आम्ही ८०८५ या दुसऱ्या प्रोसेसरच्या किटवर शिकलो. त्याला एक ७४एलएस३७३ लॅच (पत्ता धरून ठेवणारी चिप) जास्त लागतो, पण क्लॉकचा क्रिस्टल थेट चिपलाच जोडता येतो. शिवाय झिलॉग या उत्पादक कंपनीने झेड-८० च्या मूळ चिपच्या ऑर्डरी २०२४ मध्ये घेणे थांबवले आहे, म्हणून ८०८५ कडे वळावे.

खाडीकाठ : कोणता प्रोसेसर घ्यावा, असे मी विचारलेले नाही. क्लॉक ४ मेगाहर्ट्झचा असून क्रिस्टल आणि ७४एलएस०४ ही गेटची चिप वापरून केला आहे. न वापरलेल्या पिना मोकळ्याच आहेत, कारण त्यांचा उपयोग करायचा नाही.

सुरुबन : दोष तिथेच आहे. वेट, बसरिक्वेस्ट, इंट आणि एनएमआय या चारही पिना इनपुट आहेत, म्हणजे बाहेरून प्रोसेसरला थांबवण्यासाठी किंवा मध्येच अडवण्यासाठी आहेत. त्या मोकळ्या ठेवल्या तर हाताच्या जवळिकीनेही त्यांची पातळी हलते. एनएमआय खाली गेली की प्रोसेसर ००६६ या हेक्स पत्त्यावर उडी मारतो. तिथे कोऱ्या मेमरीतली एफएफ असेल तर ती आज्ञा त्याला ००३८ वर पाठवते, आणि तिथेही एफएफच असेल तर तो तिथेच फिरत राहून स्टॅकने (परतीचे पत्ते साठवत) रॅम भरत जातो. प्रत्येक पिन १० किलोओहमच्या रेझिस्टरने ५ व्होल्टला बांधा.

मोचेमाड : पिना बांधाव्यातच, पण मला मुख्य शंका क्लॉकची आहे. झेड-८० ला क्लॉकची वरची पातळी पुरवठ्यापेक्षा फार तर ०.६ व्होल्टने कमी, म्हणजे ४.४ व्होल्टच्या वर लागते. एलएस गेट साधारण ३.४ व्होल्टच देतो. क्लॉकवर ३३० ओहमचा पुलअप (पातळी ५ व्होल्टकडे ओढणारा रेझिस्टर) लावा.

सुरुबन : क्लॉकचा मुद्दा मान्य, पण ३३० ओहममधून सुमारे १५ मिलिअँपिअर जातील आणि एलएसचे आउटपुट ८ च सोसते. त्यापेक्षा क्लॉक ७४एचसीटी०४ च्या एका गेटमधून काढावा, त्याची वरची पातळी जवळपास ५ व्होल्ट असते.

रापण : वेंगुर्ल्यात गेल्या पावसाळ्यात खाऱ्या हवेने माझ्या ब्रेडबोर्डच्या आतल्या पट्ट्या हिरव्या पडल्या होत्या. झीरो पीसीबीवर (सोल्डरसाठीच्या छिद्रांच्या पाटीवर) सोल्डर केल्यावरच सर्किट खात्रीने चालू लागले.

मोचेमाड : सोल्डर करण्याआधी दोन्ही मेमरी चिपा काढा आणि आठही डेटा लाइन १ किलोओहमने ग्राउंड करा. प्रोसेसरला फक्त ००, म्हणजे ‘काही करू नको’ ही आज्ञा दिसेल आणि पत्ते ओळीने मोजले जातील. ४ मेगाहर्ट्झला ए१५ या सर्वांत वरच्या पत्तालाइनवरचा एलईडी सेकंदाला साधारण १५ वेळा लुकलुकेल. तो मंद वाटला तर घाबरू नका, कारण रिफ्रेशच्या (मेमरी ताजी ठेवण्याच्या) वेळी वरच्या पत्तालाइनवर शून्य असते.

खाडीकाठ : चारही पिना बांधल्या आणि ही चाचणी केली. ए१५ नीट लुकलुकतो आणि हात नेला तरी थांबत नाही. मेमरी परत बसवल्यावर मात्र दहापैकी एक-दोन रीसेट फसतच होते. एचसीटी मुंबईहून मागवली आहे. तोवर ६८० ओहमचा पुलअप लावला, म्हणजे प्रवाह साडेसात मिलिअँपिअरच्या आत राहतो. त्यानंतर वीस वेळा रीसेट केले आणि वीसही वेळा प्रोग्राम चालला.