फोर बाय फोरला पुढे एक, मागे दुसरे टायर: चालतं की नाही?

चाकोरीबाहेर
फोर बाय फोरचे चारही टायर हुबेहूब एकसारखे पाहिजेत, नाहीतर ट्रान्सफर केस (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणारी पेटी) गेलाच म्हणून समजा, असं टायरवाल्यापासून मेकॅनिकपर्यंत सगळे ठणकावून सांगतात. मला हे सरसकट पटत नाही.

गाडी पार्ट-टाइम असेल, म्हणजे एरवी मागच्या चाकांवर चालणारी आणि लिव्हर ओढल्यावरच पुढची चाकं जोडणारी, तर मागे नवे ऑल टेरेन (कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांचे) आणि पुढे निम्मे झिजलेले हायवे टेरेन (डांबरी रस्त्याचे) लावून खुशाल फिरता येतं. टू-एचमध्ये, म्हणजे फक्त मागची चाकं जोडलेली असताना, पुढच्या चाकांना इंजिनाची ताकद जातच नाही, ती आपली आपली फिरतात. फोर-एच, म्हणजे चारही चाकं जोडणं, टाकायचं ते चिखलात नाहीतर वाळूत. तिथे चाकं घसरतातच, त्यामुळे पुढच्या-मागच्या फेऱ्यांतला फरक जमिनीत जिरतो. मग दोन चांगले टायर भंगारात का घालायचे? साइडवॉलवर लिहिलेलं माप एक, एका अ‍ॅक्सलवर (डाव्या-उजव्या चाकांच्या आसावर) जोडी एक, एवढं पाळलं की झालं.

प्रतिवाद जरूर करा, पण कारणासहित. ‘मॅन्युअलमध्ये तसं लिहिलंय’ हे कारण धरणार नाही.

नटबोल्ट
घ्या कारण. २६५/६५ आर १७ टायर धरू. व्यास ७७६ मिमी, घेर साधारण २.४४ मीटर, म्हणजे किलोमीटरला ४१० फेरे. नव्या ऑल टेरेनची नक्षी ११ मिमी आणि तुमच्या जुन्याची ४ मिमी उरली असं समजा. त्रिज्येत ७ मिमी, घेरात ४४ मिमी फरक. कागदावर हा पावणेदोन टक्क्यांच्या वर जातो. किलोमीटरला चाकाचे सात फेरे कमी-जास्त. अ‍ॅक्सलचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे) चारच्या आसपास असेल तर पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद नेणाऱ्या दोन प्रोपेलर शाफ्टमध्ये किलोमीटरमागे तीसेक फेऱ्यांचा हिशेब जुळत नाही. फोर-एचमध्ये हे दोन शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधलेले असतात, मध्ये त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शियल नसतो. त्या तीस फेऱ्यांनी जायचं कुठे?

चिखलात जातील, मान्य. पण रस्ता काही पाटी लावून बदलत नाही. ओला डांबरी, मग खडी, मग शंभर मीटर कोरडा काँक्रीट, पुन्हा चिखल. दर वेळी लिव्हर मागे-पुढे कोण करतंय? आणि ‘माप एक’ म्हणालात, तर वेगवेगळ्या कंपन्यांचे एकाच मापाचे नवे टायरसुद्धा प्रत्यक्ष घेरात थोडे वेगळे भरतात.

चाकोरीबाहेर
@नटबोल्ट, गणित बरोबर, पण ते माझ्याच बाजूने बोलतंय. चारही टायर एकाच दिवशी बसवले तरी वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वाटेने जातात. म्हणजे कोरड्या काँक्रीटवर फोर-एच टाकलं की शाफ्टला पीळ बसणारच, टायर सारखे असोत वा नसोत. तो दोष टायरचा नाही, लिव्हर पुढे ठेवून विसरणाऱ्याचा.

शिवाय रेडियल टायरच्या घेरावर आतल्या स्टीलच्या पट्ट्यांचा ताबा असतो. नक्षी सात मिमी झिजली म्हणून चालता घेर अगदी त्याच प्रमाणात घटत नाही. तुमचे तीस हे वरच्या टोकाचे.

लो_रेंज
वळणावर पीळ बसतो आणि सरळ आल्यावर थांबतो. घेरातला फरक मात्र सरळ रस्त्यावरही पीळ देतच राहतो, एकाच दिशेने. हा फरक छोटा नाही.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: आधी स्टीअरिंग जड लागतं, वळताना टायर कुईकुई करतात, आणि मग लिव्हर टू-एचला यायलाच नकार देतो. लोक दोन्ही हातांनी ओढत बसतात. खरं तर गाडी सरळ धरून थोडी रिव्हर्स घेतली की ‘टक्’ आवाज होतो आणि लिव्हर अलगद सुटतो. तो आवाज ऐकलेला माणूस पुन्हा घेराकडे दुर्लक्ष करत नाही.

शांताराम_४एल
चाकोरीबाहेर यांच्याशी सहमत. एवढा बाऊ कशाला? पुढच्या टायरमध्ये हवा थोडी जास्त भरा, घेर वाढेल, हिशेब बरोबर.

लो_रेंज
नाही वाढत. वर त्यांनीच सांगितलंय, स्टीलचे पट्टे ताणत नाहीत. हवा वाढवल्याने गाडी उंच दिसते, रेडियलचा चालता घेर जवळपास तेवढाच राहतो. पकड तेवढी जाते.

खरा घेर बघायचा असेल तर टायरला आणि जमिनीला खडूची खूण करा, सपाट जागी गाडी दहा फेरे ढकला, टेप लावा. पुढचं आणि मागचं वेगळं मोजा, गाडीवर नेहमीचं वजन ठेवून. टायरवाल्याच्या तोंडी खात्रीपेक्षा हे बरं.

वळणवाट
तुम्ही सगळे गाडीच्या पोटात शिरलात. मला ट्रान्सफर केसची फारशी चिंता नाही, तो बिघडला तर दुरुस्त होतो. माझा प्रश्न टू-एचमधल्या भर पावसातल्या वळणाचा आहे.

नियम सगळ्यांना पाठ असतो: दोनच नवे टायर घेतले तर ते मागे. कारण पुढची पकड आधी सुटली तर गाडी वळणाबाहेर सरळ जाऊ बघते, ते कळतं आणि पाय काढल्यावर बहुतेकदा सावरतं. मागची आधी सुटली की शेपूट पुढे येते, आणि उंच गाडीत ती सावरायला फार थोड्यांना जमतं. हा नियम एकाच जातीच्या टायरना बिनचूक लागू पडतो, कारण तिथे जास्त नक्षी म्हणजे ओल्यात जास्त पकड.

आता चाकोरीबाहेर यांची जोडणी बघा. मागे खोल नक्षीचा ऑल टेरेन, मोठे ठोकळे, बारीक चिरा कमी. पुढे कमी नक्षीचा हायवे, पण त्याचं रबर आणि चिरा ओल्या डांबरासाठीच केलेल्या. साचलेल्या पाण्यात मागचा सरस ठरेल. नुसत्या ओल्या, गुळगुळीत रस्त्यावर कदाचित पुढचा. म्हणजे कोणतं टोक आधी सुटेल हे पावसाच्या जोरावर बदलणार! जुनी गाडी असो, ईएसपीवाली (घसरताना ब्रेक आपोआप लावून गाडी सावरणाऱ्या यंत्रणेची) नवी असो, हे आधी ठाऊक नसणं मला अजिबात चालणार नाही. ईएसपीदेखील उरलेली पकडच वाटून देते, नवीन निर्माण करत नाही.

आणि मागे मड टेरेन, पुढे हायवे लावणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. दिसतं रुबाबदार, एवढंच.

नटबोल्ट
+१. हा मुद्दा माझ्या गणितापेक्षा वजनदार आहे.

चाकोरीबाहेर
@वळणवाट ताई, हा प्रतिवाद मला आवडला, पण तो टू-व्हील ड्राइव्ह गाडीलाही तसाच लागू होतो. मग फोर बाय फोरचा वेगळा बागुलबुवा उभा करायचं कारण काय? माझा मूळ आक्षेप तोच होता.

वळणवाट
लागू होतोच. तिथेही करू नका.

हिमरेषा
आमच्याकडे बर्फ असतो, म्हणून थोडं अवांतर. हिवाळी टायरचं रबर ७ अंशांखालीही मऊ राहतं, उन्हाळीचं कडक होतं. ‘फोर बाय फोर आहे, पुढे दोन हिवाळी पुरेत’ म्हणणारे दरवर्षी भेटतात. चारही चाकांना ताकद मिळाल्याने गाडी निघते झकास, पण थांबताना फोर बाय फोरचा काही उपयोग नाही. उतारावर ब्रेक दाबला की कडक रबराचं टोक आधी घसरतं. चार नाहीतर एकही नको. टायरवर तीन शिखरांत हिमकण असलेलं चिन्ह आहे का बघा. नुसतं एम प्लस एस (मड अँड स्नो) छापलेलं असेल तर बर्फावर चाचणी झालीच असेल असं नाही.

लो_रेंज
धागा पार्ट-टाइमवर आहे, पण वाचून कोणी फुल-टाइम किंवा ऑल व्हील ड्राइव्हवर प्रयोग करू नये म्हणून लिहितो. तिथे दोन अ‍ॅक्सल वेगळे करणारा लिव्हर नसतो. मध्ये व्हिस्कस कपलिंग असेल तर घेरातल्या फरकाने आतलं सिलिकॉनचं द्रव सतत घुसळत राहतं आणि तापतं. क्लच प्लेट असतील तर त्या घासतात. सुबारू चार टायरच्या घेरात पाव इंचाहून जास्त फरक नको म्हणते. पाव इंच घेर म्हणजे नक्षीत जेमतेम एक मिलिमीटर! अशा गाडीत एक टायर फाटला तर कधी कधी चारही बदलावे लागतात, किंवा नवा टायर घासून कमी करून घ्यावा लागतो.

चाकोरीबाहेर
फुल-टाइमबद्दल माझं काही म्हणणंच नव्हतं, तिथे पूर्ण मान्य. पार्ट-टाइमला मात्र खडूने मोजून फरक टक्क्याच्या आत आला, तर मी अजूनही वेगळी जोडी चालवीन. पावसाळ्याआधी बदलीन, ताईंच्या मुद्द्यापुरतं.

वळणवाट
पाऊस तुम्हाला विचारून येतो का?

स्टेपनी_कुठंय
मध्येच विचारतो. चार ऑल टेरेन आहेत, स्टेपनी मात्र गाडीबरोबर आलेला नवाकोरा हायवे. पंक्चर झालं तर कुठे लावू? मागे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल आहे (डाव्या-उजव्या चाकांच्या वेगातला फरक आवरणारा).

नटबोल्ट
मग पुढे लावा. मागचा टायर गेला असेल तर पुढचा चांगला मागे न्या आणि स्टेपनी पुढे. काम दुप्पट, पण डाव्या-उजव्या चाकात कायमचा फरक राहिला तर लिमिटेड स्लिपच्या प्लेट झिजतात. टू-एचमध्येच चालवा, वेग आवरता ठेवा, पंक्चर निघाल्यावर लगेच काढा. आणि लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) बघून घ्या. ऑल टेरेन एलटी (हलक्या ट्रकच्या) बांधणीचे असले तर त्यांना स्टेपनीपेक्षा वेगळी हवा लागते, दोन्हीकडे एकच आकडा भरू नका. पुढच्या खरेदीला पाच घ्या आणि पाचही फिरवत राहा.