फोटोपुरतं? अर्धंच खरं

अंगणवाडीतले कार्यक्रम म्हणजे रांगोळी, फोटो आणि ॲपवर नोंद, असं बरेच जण म्हणतात. अर्धं खरं आहे. माझी बहीण सेविका आहे, तिचाही निम्मा जीव त्या मोबाईलमध्येच जातो. पण २०१८ च्या पोषण अभियानापासून महिन्यातून दोनदा घ्यायचे हे समुदाय आधारित कार्यक्रम अगदीच वाया जात नाहीत.

मध्यंतरी तिच्या अंगणवाडीत अशाच एका कार्यक्रमाला, अन्नप्राशनाला (बाळाला पहिल्यांदा वरचं अन्न भरवायला) गेले होते. सहा महिने पूर्ण झालेली तीन बाळं. एका आजींनी वाटीत डाळीचं नुसतं वरचं पाणी काढलं. बहिणीने चमचा तिरका करून दाखवला, "आजी, बघा, ओघळलं. चमच्यावर थांबेल इतकं घट्ट हवं." आजी म्हणाल्या, "आमची पोरं त्या पाण्यावरच वाढली की!" सगळ्या हसल्या, पण वाटीत घट्ट वरण आलं, वर थोडं तेलही. एकट्या सुनेला सांगून हे झालं नसतं. घरात पळी कोणाच्या हातात आहे, ते बघावं लागतं.

सेविकांच्या प्रशिक्षणाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. मुलाचा दंड मोजून कुपोषण ओळखायची दंडघेराची पट्टी दिली, ११.५ सेंमीच्या खाली लाल म्हणजे तीव्र कुपोषण, तिथून १२.५ पर्यंत पिवळा म्हणजे मध्यम, हे सगळ्यांना पाठ. पण पट्टी किती आवळायची, हे मुलाच्या दंडावर करून घेतलंच नाही. जरा सैल राहिली की लालमधलं मूल पिवळ्यात दिसतं आणि त्याला दवाखान्यात पाठवायचं राहून जातं.

आणि बाप मंडळी? कार्यक्रम सकाळी अकराला, तेव्हा ती रानात. संध्याकाळी घेऊन पाहिलंय का कुणी?